कुत्र्याचा पडलेला चेहरा आणि मांजराचा ‘सूड’

कुत्र्या-मांजरांच्या अकलेबद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच राहतात. कुत्र्याला अडीच वर्षांच्या मुलाएवढी समज असते. त्याच्या मेंदूत मांजराच्या दुप्पट पेशी असतात. चूक केली की त्याला ती कळते, म्हणून तो मान खाली घालतो. मांजर मात्र मठ्ठ. त्याला स्वतःचं नाव कळत नाही, घरातली माणसं ओळखता येत नाहीत, ते फक्त खाण्यापुरतं घरात असतं, आणि रागावलात तर मुद्दाम अंथरुणात लघवी करून सूड उगवतं. शेवटी हुशार जातींची क्रमवारी. वाचायला गोड वाटतं, लोक आपल्या कुत्र्याचा फोटो जोडून पुढे पाठवतात. मला यावर लिहायलाच हवं असं वाटतं, कारण यातल्या काही समजुतींपायी मुक्या जनावरांना मार खावा लागतो आणि एकीपायी कधी कधी जीवही जातो.

अडीच वर्षांच्या मुलापासून सुरुवात करू. ही तुलना मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरन यांनी २००९ साली मांडली. लहान मुलांना किती शब्द कळतात हे तपासायच्या पद्धतीच्या धर्तीवर त्यांनी कुत्र्यांचा अंदाज बांधला आणि साधारण कुत्र्याला १६५ शब्द आणि खुणा कळतात असं सांगितलं. पुढे पाठवणाऱ्यांनी शब्दांचा हिशेब गाळला आणि वय तेवढं ठेवलं. अडीच वर्षांचं मूल ‘बाबा कुठे गेले?’ असं विचारतं, बाहुलीला खोटं खोटं भरवतं, काल काय झालं ते मोडक्यातोडक्या शब्दांत सांगतं. कुत्रा यातलं काहीच करत नाही. आणि मघाशी दारावरून कोण गेलं हे कुत्र्याला नुसत्या वासावरून कळतं, ते कुठल्याच वयाच्या माणसाला साधत नाही.

अशा मजकुरांसोबत हजार शब्द जाणणाऱ्या एका कुत्रीची गोष्टही सांगितली जाते. ती खरी आहे. चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीने १,०२२ खेळण्यांची नावं शिकली होती आणि २०११ साली त्यावरचा शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. पण तिचे मालक जॉन पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते आणि त्यांनी तिला तीन वर्षं रोज चार-पाच तास शिकवलं होतं. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साध्या घरगुती कुत्र्यांना फक्त दोन खेळण्यांची नावं शिकवायचा तीन महिने प्रयत्न झाला. बहुतेकांना ती जमली नाहीत. ‘बस’, ‘ये’, ‘चल’ त्यांना उत्तम कळतं. वस्तूंची नावं लक्षात ठेवणं हे काम वेगळं आहे. तुमचा कुत्रा ‘चेंडू आण’ म्हटल्यावर चप्पल घेऊन येत असेल, तर तो मठ्ठ नाही. बहुतेक कुत्रे तसेच असतात.

दुप्पट पेशींचा मुद्दा आकड्यापुरता बरोबर आहे. सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली मेंदूच्या बाह्यपटलातल्या, म्हणजे सगळ्यांत बाहेरच्या थरातल्या, चेतापेशींची मोजणी प्रसिद्ध केली: कुत्र्यात सुमारे ५३ कोटी, मांजरात २५ कोटी. पण ५३ कोटी ही दोनच कुत्र्यांची सरासरी आहे. त्यातल्या गोल्डन रिट्रीव्हरच्या पेशी भरल्या सुमारे ६३ कोटी, दुसऱ्या लहान कुत्र्याच्या ४३ कोटी. मग रिट्रीव्हर त्या दुसऱ्या कुत्र्याच्या दीडपट शहाणा होता का? ते कुणी तपासलंच नव्हतं. पेशींच्या संख्येवरून क्षमतेचा अंदाज बांधता येतो, एवढंच. ती क्षमता प्राणी कशासाठी वापरतो हे त्याच्या वागण्यातूनच बघावं लागतं.

जातींच्या क्रमवारीवर फार शब्द खर्च करत नाही. ती १९९४ साली आज्ञापालनाच्या स्पर्धांमधल्या सुमारे दोनशे परीक्षकांची मतं गोळा करून केलेली आहे. सांगितलेलं पटकन ऐकणारा बॉर्डर कॉली पहिला आणि अफगाण हाउंड शेवटचा, यात नवल नाही. कॉली धनगराच्या शिट्टीवर काम करायला पैदास केलेला. अफगाण हाउंड मात्र शिकाऱ्यापासून दूर, स्वतःच्या नजरेवर सावजाचा पाठलाग करायला. ऐकणं आणि समजणं यांत फरक आहे.

आता ज्या मुद्द्याने मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं तो. ‘चूक कळते म्हणून मान खाली घालतो.’

कान मागे, शेपटी पायांत, नजर चुकवणं, जमिनीला पोट टेकून सरकणं. असा चेहरा प्रत्येक कुत्रा पाळणाऱ्याने पाहिलेला असतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर याचा साधा पण नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, ‘खायचं नाही’ असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मागे कधी प्रयोग करणारी व्यक्तीच तो खाऊ कुत्र्याला द्यायची, कधी उचलून ठेवायची. परत आलेल्या मालकाला कुत्र्याने काय केलं ते सांगितलं जायचं, पण ते दर वेळी खरं नसायचं. ‘खाल्लं’ असं ऐकलेला मालक कुत्र्याला रागवायचा.

कुत्र्याने खरोखर खाल्लं होतं की नाही, याचा त्या पडलेल्या चेहऱ्याशी संबंध आढळला नाही. संबंध होता मालकाच्या रागावण्याशी. सगळ्यांत जास्त ‘अपराधी’ दिसले ते ज्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी ज्यांना बोलणी बसली, ते कुत्रे.

यावर हमखास एक आक्षेप येतो: ‘पण मी काही बोलायच्या आधीच तो कोपऱ्यात जाऊन बसलेला असतो!’ असतो, हे खरं आहे. फाडलेली उशी जमिनीवर आणि मालक दारात, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुढे काय होतं हे त्याला अनुभवाने माहीत असतं. १९७७ साली नोंदल्या गेलेल्या एका प्रकरणात मालकानेच कागद फाडून पसरले आणि तो बाहेर जाऊन परत आला, तेव्हाही कुत्री तशीच अंग चोरून बसलेली होती. तिला पसारा आणि मालक यांची सांगड कळत होती. पसारा कुणी केला हा प्रश्न त्या सांगडीत नव्हताच.

कुत्र्याच्या मनात अपराधाची भावना मुळीच नसते असं या प्रयोगांतून सिद्ध होत नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. सिद्ध होतं ते एवढंच की तो चेहरा कबुलीजबाब नाही. तुमची भुवई, पावलांचा आवाज, आवाजातला ताण हे सगळं वाचून तो तुम्हाला शांत करू बघतो. ही त्याची खरी हुशारी आहे, आणि नेमकी तीच त्याच्या विरोधात पुरावा म्हणून वापरली जाते. ‘बघा, त्याला सगळं कळतं, तरी करतो’ असं म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर सकाळच्या पसाऱ्याबद्दल त्याला बडवलं जातं. कुत्रा शिक्षेची सांगड त्या क्षणी घडणाऱ्या गोष्टीशी घालतो. त्या क्षणी घडत असतं काय, तर तुमचं घरी येणं. घरात शी केली म्हणून मार खाल्लेले कित्येक कुत्रे एवढंच शिकतात की माणसासमोर शी करायची नाही. मग ते सोफ्यामागे जाऊन करतात आणि त्यांना ‘लबाड’ हेही नाव पडतं.

मांजराला नाव कळत नाही, या दाव्याला जपानमध्ये थेट उत्तर मिळालेलं आहे. अत्सुको साइतो आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मांजरांना आधी सारख्याच लांबीचे चार शब्द ऐकवले. मांजरं हळूहळू कंटाळली, लक्ष देईनाशी झाली. मग त्यांचं नाव ऐकवलं, आणि कान वळले, मान हलली. परक्या माणसाने नाव घेतलं तरीही. याच साइतोंच्या २०१३ च्या प्रयोगात मांजरांनी परक्यांच्या आवाजांतून आपल्या माणसाचा आवाज वेगळा ओळखला होता. दोन्ही वेळा मांजरं उठून आली मात्र नाहीत. कान वळवला, झालं. लोकांची फसगत होते ती इथे. आपण हाक मारतो, ते येत नाही, आणि त्याला ऐकूच आलं नाही किंवा कळलं नाही असं आपण ठरवून टाकतो. पुढच्या वेळी कानांकडे बघा.

सहो ताकागी यांच्या २०२१ च्या प्रयोगातून तर असं दिसलं की मांजर नजरेआड असलेल्या आपल्या माणसाचा ठावठिकाणा मनात ठेवतं. मालकाचा आवाज आधी एका जागेहून आणि लगेच, तिथून पोचणं शक्य नाही अशा दुसऱ्या जागेहून ऐकवला, तर ती चकित झाली. तुम्ही आतल्या खोलीत आहात हे झोपलेलं दिसणारं मांजर ध्यानात ठेवून असतं.

आणि ‘फक्त खाण्यापुरतं’? क्रिस्टिन विटाल यांनी २०१९ साली, तान्ह्या मुलांची ओढ तपासायच्या पद्धतीने, मांजरांना अनोळखी खोलीत माणसासोबत ठेवलं, दोन मिनिटं एकटं सोडलं आणि माणसाला परत आणलं. सुमारे ६५ टक्के मांजरं माणूस परतल्यावर निवांत झाली, थोडं अंगाला घासून पुन्हा खोली धुंडाळू लागली. तान्ह्या मुलांतही प्रमाण साधारण एवढंच असतं. २०१५ च्या एका वेगळ्या अभ्यासात प्रौढ मांजरांत अशी ओढ दिसली नव्हती, हेही सांगायला हवं. प्रश्न पूर्ण मिटलेला नाही. पण ‘मांजराला माणसाचं काही नसतं’ हे छातीठोकपणे सांगण्याइतका आधार कुणाकडेच नाही.

मग दोघांत फरक नाहीच का? आहे. बुडापेस्टच्याच आडाम मिक्लोशी यांनी २००५ साली दोघांना सारख्या कसोट्या दिल्या. बोटाने दाखवलेल्या भांड्याकडे जाणं कुत्र्या-मांजरांना सारखंच जमलं. पण खाऊ दिसतो आणि काढता येत नाही अशी अडचण आली, तेव्हा कुत्रे लवकरच माणसाच्या तोंडाकडे बघू लागले. मांजरं बहुतांशी स्वतःच खटपट करत राहिली. यातलं शहाणपण कुठलं? मदत मागणं की आपलं आपण बघणं? याचं उत्तर आपल्याला कुठल्या वागण्याने बरं वाटतं यावर ठरू नये.

दोघंही सारखेच हुकतात अशा जागाही आहेत. दोऱ्या एकमेकींवरून तिरक्या ठेवल्या आणि एकीच्या टोकाला खाऊ बांधला, तर नेमकी कुठली ओढायची हे कुत्र्यांना समजलं नाही (२००५) आणि मांजरांनाही नाही (२००९). दोन्ही प्रयोगांत संशोधक ब्रिटा ऑस्टहाउस होत्या. अशा हुकण्याचे किस्से मात्र कुणी पुढे पाठवत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ सालीच लिहून ठेवलं आहे की शेकडो कुत्रे हरवतात, त्याची बातमी होत नाही. एखादा घरी परतला की त्याची कहाणी होते.

राहिला सूड. एकीकडे मांजर मठ्ठ म्हणायचं आणि दुसरीकडे ते अपमान लक्षात ठेवून, तुमचीच उशी निवडून, बदला घेण्याची योजना आखतं म्हणायचं, हे एकत्र टिकत नाही. मांजर लिटर बॉक्स (शी-शूसाठी ठेवलेला वाळूचा ट्रे) सोडून दुसरीकडे लघवी करतं त्याची कारणं साधी असतात: बॉक्स अस्वच्छ आहे, गजबजाटाच्या जागी आहे, दोन मांजरांत एकच आहे, घरात नवं माणूस किंवा जनावर आलं आहे. किंवा लघवी करताना दुखतं, आणि ते दुखणं त्याने बॉक्सशी जोडलं आहे. बोक्यांच्या बाबतीत तर जास्तच सावध राहावं लागतं. त्यांची मूत्रनलिका अरुंद असते आणि खड्यांनी किंवा चिकट गाळाने बंद होऊ शकते. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, त्याचा परिणाम हृदयावर होतो आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. तो वारंवार लघवीला बसतो, कण्हतो, मागचा भाग चाटत राहतो, पण थेंबभरच येतं किंवा काहीच येत नाही. असं दिसलं तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी पशुवैद्याकडे न्या.