प्लगची प्रकृती

आमच्या घरात पपई उष्ण आणि सब्जा थंड. पपई फ्रीजमधून काढलेली गारेगार असली तरी उष्णच. हे शास्त्र लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असल्यामुळे स्पार्क प्लगसुद्धा गरम आणि थंड अशा दोन प्रकृतींचे असतात हे कळलं, तेव्हा मी दचकलो नाही. दचकायला हवं होतं.

माझ्याकडे राजदूत ३५० आहे. एस्कॉर्ट्सने १९८३ साली यामाहाच्या आरडी ३५० वरून काढलेली. टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, दोन सिलिंडर. सुरुवातीचं 'हाय टॉर्क' मॉडेल ३०.५ हॉर्सपॉवरचं, पेट्रोल फार पिते म्हणून पुढे तिचा गळा आवळून २७ वर आणली. माझी ती गळा आवळलेली. तिला मोकळं करायचं म्हणून मी कोल्हापुरात उद्यमनगरात हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, थोडं घासून घेतलं, सायलेन्सर बदलले. गाडी अशी काही उधळली की मला वीस वर्षांनी देव आठवले. त्या आनंदात मिस्त्रींनी विचारलं, "कॉम्प्रेशन वाढलं की हो. आता प्लग कुठला घालणार?"

या एका प्रश्नाने माझे तीन महिने खाल्ले.

प्लगच्या टोकाला पोर्सिलीनचं पांढरं नाक असतं. नाक लांब असेल तर उष्णता रेंगाळते, तो गरम प्लग. आखूड असेल तर ती चटकन हेडमध्ये उतरते, तो थंड. नाक ४५० अंशांच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही आणि गाडी मिसिंग मारते. साडेआठशेच्या वर गेलं तर पेट्रोल ठिणगीची वाटच बघत नाही, आधीच पेट घेतं, आणि पिस्टनला भोक पडतं. म्हणून तापट इंजिनाला थंड प्लग आणि शांत इंजिनाला गरम. पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींना हे एका झटक्यात कळलं असतं.

मला नडले ते नंबर. एनजीके कंपनीचा नंबर वाढला की प्लग थंड होतो. बॉशचा वाढला की गरम. आणि बॉशच्याच जुन्या पद्धतीत, म्हणजे आपल्याकडच्या बॉशच्या, मायकोच्या, डब्ल्यू १७५, डब्ल्यू २२५ च्या जमान्यात, वाढला की थंड! चष्म्याचे नंबर असे असते तर निम्मा महाराष्ट्र खांबाला धडकला असता. मी सात, आठ आणि नऊ नंबरचा एकेक जोड घेतला, मोहापायी इरिडियमच्या टोकाचा एक जोड घेतला, आणि एक जोड नंबर उलटा वाचून घेतला. एकूण दहा.

मग गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट. कॉम्प्रेशन वाढलं की ठिणगीला उडी मारणं जड जातं, म्हणून गॅप थोडा कमी ठेवायचा. मी ०.६ मिलिमीटर ठरवला आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घेऊन जेवणाच्या टेबलावर बसलो. पातं 'किंचित अडकत' सरकलं पाहिजे म्हणतात. हे किंचित म्हणजे सासूबाईंच्या 'अंदाजाने मीठ'चं सख्खं भावंड. ओट्यावर ठोकला, ०.५. पट्टी उचकटली, ०.७. पुन्हा ठोकला, तर आतून आवाज आला, "अहो, ओट्याला टवके पडतायत." मिस्त्रींनी खिशातून हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा काढला, दोनदा टकटक केलं, झालं. त्यांची पाठ वळल्यावर मी गेज लावून पाहिला. ०.६५. मी गेज मुकाट्याने खिशात घातला.

पण खरी परीक्षा रस्त्यावर. फुल थ्रॉटलवर गाडी ताणायची, क्लच दाबून त्याच क्षणी किल्ली बंद करायची, बाजूला थांबून प्लग काढून रंग बघायचा. चहाचा रंग आला की पास. तर कागलच्या अलीकडे, हायवेच्या कडेला, मी रुमालात तापलेला प्लग धरून उकिडवा बसलो होतो. पहिल्या मिनिटाला स्कूटीवाला थांबला, "पेट्रोल संपलं काय?" मी म्हटलं, मीच बंद केली. "का?" रंग बघायला. त्याने काळजीने माझ्याकडे पाहिलं. तोवर उसाचा ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "दोरी हाय, ओढून न्हेतो." मागोमाग एक निवृत्त दिसणारे गृहस्थ आले. त्यांनी डावा प्लग हातात घेऊन न्याहाळला आणि निकाल दिला, "हा चहा बरा आहे. पण हा उजवा... साखर करपलीय."

उजवा खरंच काळा आणि ओला होता. मी उजवीकडे सात नंबर घातला. पुन्हा काळा. इरिडियम. काळा, फक्त महागातला. घरी बायकोने दोन्ही प्लग रंगाच्या शेड कार्डाशी लावून पाहिले आणि डावा हॉलला चालेल म्हणाली.

शेवटी दहाही प्लग पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून उद्यमनगरात गेलो. मिस्त्रींनी खोक्याकडे बघितलंही नाही. उजवा प्लग काढून हुंगला.

"गिअर ऑइल किती वेळा टाकलंय मधी?"

"दोनदा. कमी होत होतं."

"मग जात कुठं हुतं ते? उजवं क्रँकचं सील गेलंय. क्लचकडनं ऑइल ओढतंय गाडी. त्यात प्लग बिचारा काय करणार?"

सील बदललं. गाडीत आता मिस्त्रींनीच निवडलेले आठ नंबरचे प्लग आहेत, ब्लेडने गॅप केलेले. खोकं माळ्यावर गेलं, असं मला वाटलं होतं.

परवा गच्चीत गेलो तर कुरडयांच्या चादरीवर चारी कोपऱ्यांना प्लग. बायको पाचवा हातात धरून उभी.

"वारा फार आहे," ती म्हणाली. "अहो, उन्हात कुठला ठेवू? गरम की थंड?"