ॲव्हरेज कितलं देस?

फोनवर खुशाली विचारून झाली की आमच्या दाजींचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “गाडी कितलं देस?” म्हणजे ॲव्हरेज किती. मी सतरा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टच्या शेजारच्या एका गावात राहतोय. इथे हिशेब उलटा सांगतात, शंभर किलोमीटरला किती लिटर लागलं असा. त्यामुळे उत्तर देण्याआधी मला मनातल्या मनात भागाकार करावा लागतो. “साडेसहा” म्हटलं तर दाजी हबकतात. “पंधरा” म्हटलं तर कीव करतात.

२०२५च्या दिवाळीत अमळनेरला होतो, तेव्हा हा प्रश्न पुन्हा निघाला, पण माझ्या गाडीवरून नाही. भाच्याला गाडी घ्यायची होती. तो धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत नोकरीला, राहायला अमळनेरात. जाऊन-येऊन रोज ऐंशीच्या आसपास किलोमीटर. आता अमळनेर हे सुरत-भुसावळ लाइनवरचं गाव, पण धुळ्याला थेट रेल्वे नाही. म्हणजे एसटी, मोटरसायकल नाहीतर गाडी. ओट्यावर शेवभाजीच्या पातेल्याभोवती सभा भरली. दाजींचं मत एका वाक्याचं होतं, “गाडी लेवानी ते डिझेलनीच लेवानी.” शेजारचे रिटायर्ड गुरुजी म्हणाले, डिझेलचे दिवस गेले, पेट्रोल घे. एकाने सीएनजी काढलं, त्याला दुसऱ्याने पंपावरच्या रांगेची आठवण करून दिली. ताई आतून म्हणाली, “एसटीनं जा म्हणावं, झोप तरी होईल.” मग सगळे माझ्याकडे वळले. तुमना जर्मनीमा काय चालस?

मला लगेच काही बोलता येईना. डिझेलने मला इथे चांगलंच पोळलंय.

दाजींच्या डिझेलप्रेमाला कारण आहे, ते आधी सांगतो. आमच्या पिढीला डिझेल भेटलं ते विहिरीवर. पहाटे इंजिनाला हँडल मारायचं, आधी काळा धूर, मग तो ठक-ठक आवाज, मग पाटात पाणी. त्यानंतर ट्रॅक्टर. त्यानंतर काळी-पिवळी, जिच्यात मागच्या दांडीला लटकलेले धरून सोळा-सतरा माणसं बसायची आणि तरी ती चढ चढायची. सावदा-रावेरची केळी दिल्लीला निघायची ती डिझेलच्याच ट्रकमधून. नाशिकला मायकोत लागलेली आमच्याकडची कितीतरी पोरं तिथे डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनवत होती. तिची मूळ कंपनी बॉश इथली, श्टुटगार्टचीच. पेट्रोल म्हणजे स्कूटर, लुना, तालुक्याच्या डॉक्टरची फियाट. थोडक्यात, पेट्रोल चैनीचं आणि डिझेल कामाचं.

आणि एक काळ असा होता की आकडेही दाजींच्याच बाजूने होते. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव सरकारने मोकळे केले, डिझेलचे मात्र धरून ठेवले. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आत होतं. लिटरमागे बत्तीस रुपयांचा फरक! त्या दिवसांत गावात नवी गाडी आली की डिझेलची आहे का, हे कुणी विचारतच नव्हतं. ती डिझेलचीच असायची. मग जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास-पन्नास पैशांनी चढू लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं झालं, आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा हे धुराचे कडक नियम आल्यावर मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. पण डोक्यातला तो बत्तीस रुपयांचा फरक काही गेला नाही. आजही लोक डिझेल घेतात ते २०१२च्या हिशेबाने.

त्याच भ्रमात मीही २०१४ मध्ये इथे एक जुनी डिझेल गाडी घेतली. २००७ची, १९०० सीसी. खान्देशी डोकं, दुसरं काय सुचणार? पंपावर डिझेल लिटरमागे पंधरा-सोळा सेंटांनी स्वस्त दिसत होतं, तेवढं मला पुरलं. ऑफिस होतं अकरा किलोमीटरवर. वर्षाची धाव शनिवार-रविवार धरून आठ हजारांच्या आसपास. पहिल्या वर्षाअखेर वहीत मांडलं. तेवढ्याच धावेला पेट्रोलच्या गाडीला साधारण ९०० युरोचं इंधन लागलं असतं, मला ६५० चं लागलं. वाचले अडीचशे. मग कराचा कागद पाहिला. इथे गाडीचा कर दरवर्षी भरावा लागतो, आणि माझ्या गाडीच्या वयाच्या डिझेलला दर १०० सीसीमागे १५.४४ युरो, पेट्रोलला ६.७५. माझा कर झाला २९३. सोळाशे सीसीच्या पेट्रोल गाडीला १०८ पडला असता. अडीचशेतले एकशे पंच्याऐंशी तिथेच गेले. उरलेले विम्याने खाल्ले.

खरं दुखणं पुढेच होतं. डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. ती काजळी जाळायला धूर पुरेसा तापावा लागतो, आणि तो तापतो लांब, सलग पळाल्यावर. अकरा किलोमीटरमध्ये, त्यातही थंडीत, इंजिन तापेपर्यंत ऑफिस येतं. दोन हिवाळ्यांत जाळी चोंदली, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, गॅरेजवाल्याने पहिला प्रश्न विचारला, “रोज किती चालवता?” मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि अकराशे युरोचं बिल दिलं. म्हणजे पंपावरची चार वर्षांची बचत एका सकाळी परत, व्याजासकट.

आणि शेवट कसा झाला? सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी उघडी पडली; तपासणीत गाडी स्वच्छ धूर सोडते आणि रस्त्यावर आली की घाण, असं सॉफ्टवेअरच बसवलेलं, तेही त्यांनीच कबूल केल्याप्रमाणे जगभरातल्या १ कोटी १० लाखांच्या आसपास गाड्यांत. फेब्रुवारी २०१८ मध्ये लाइपझिगच्या कोर्टाने शहरांना डिझेलबंदीची मुभा दिली. १ जानेवारी २०१९ पासून श्टुटगार्टमध्ये युरो-४ (युरोपातल्या धुराच्या नियमांची एक पायरी) किंवा त्याहून जुन्या डिझेल गाड्यांना बाहेरून येणाऱ्यांसाठी प्रवेश बंद. माझी युरो-४. काचेवर पर्यावरणाचं हिरवं स्टिकर सरकारनेच दिलेलं, आणि त्या स्टिकरसकट गाडी शहराच्या वेशीबाहेर. विकायला काढली तर इथे गिऱ्हाईक नाही; गाड्या परदेशी पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याने उचलली. भाव सांगत नाही. दाजी वाचतील.

हे सगळं ओट्यावर सांगितलं तेव्हा गुरुजी खूश झाले. “बघा, म्हणून म्हणतो पेट्रोल.” पण माझी गोष्ट गुरुजींच्या बाजूची नाही. डिझेल माझ्या अकरा किलोमीटरला चुकीचं होतं. भाचा ऐंशी किलोमीटर जातोय, धुळे रस्त्यावर सलग, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये. त्याचा हिशेब वेगळा निघणार.

मी पाठकोरा कागद मागवला. त्या वेळी मुंबईत पेट्रोल एकशे साडेतीन आणि डिझेल नव्वद रुपये होतं. आमच्याकडे रुपया इकडे-तिकडे, म्हणून १०४ आणि ९१ धरले. एकाच गाडीचं पेट्रोल रूप सतरा देतं, डिझेल एकवीस देतं असं मानलं. पेट्रोलला किलोमीटरमागे सहा रुपये बारा पैसे, डिझेलला चार रुपये तेहतीस. फरक पावणेदोन रुपयांचा. भाच्याने शोरूममधून आणलेल्या कोटेशनवर डिझेल एक लाख तीस हजारांनी महाग. म्हणजे त्र्याहत्तर हजार किलोमीटर चालवल्यावर तो बरोबरीला येणार, आणि त्यानंतरची बचत खरी. महिन्याला पंचवीस दिवस ऐंशी किलोमीटर, तर वर्षाला चोवीस हजार. तीन वर्षांत फिटलं. त्यावर त्या जादा रकमेचं कर्जाचं व्याज आणि डिझेलची जरा महाग सर्व्हिसिंग धरली तर साडेतीन-चार वर्षं. दाजींनी मिशीवर हात फिरवला.

इथे एक आडवाटेची गोष्ट. सतरा आणि एकवीसमधला फरक सगळा इंजिनाच्या गुणाचा नाही. पेट्रोलचा लिटर भरतो साधारण ७५० ग्रॅम, डिझेलचा ८३० च्या वर. त्यामुळे लिटरमागे डिझेलमध्ये उष्णताच दहा-बारा टक्के जास्त. मापाने ज्वारी घेतली आणि मापाने लाह्या घेतल्या, तर ज्वारीच्या भाकरी जास्त होणारच. वर हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, ज्याची उष्णता पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. इथे जर्मनीत इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच, आणि पंपावर पाच टक्क्यांची नळी वेगळी असते, चार पैसे जास्त देऊन ती घेता येते. आपल्याकडे ती निवड ठेवलेली नाही. गुरुजींची गाडी “पूर्वीसारखं देत नाही” म्हणतात त्यातलं थोडं तरी त्या टाकीतलं आहे.

तर त्या पावणेदोन रुपयांतले साधारण एक रुपया सतरा पैसे डिझेल आणि इंजिनाचे. उरलेले साठेक पैसे पंपावरच्या भावातल्या फरकाचे, म्हणजे सरकारच्या मर्जीचे. हा फरक आपल्याकडे २०१४ मध्ये आटला. इथे मार्च २०२२ मध्ये, युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर, डिझेल चक्क पेट्रोलच्या वर गेलं, आणि रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर नोकरीला जाणारे माझे सहकारी पंपावर पाटीकडे बघत उभे राहिले. त्यांनी डिझेल घेतलेलं होतं ते त्या फरकावर विसंबून.

जर्मन सरकारची एक गोष्ट मात्र मला पटते. ते लिटरवर डिझेलला सूट देतं, ४७ सेंट कर, पेट्रोलला ६५. आणि वर्षाच्या करात ती सूट वसूल करतं, नव्या गाड्यांना आज १०० सीसीमागे डिझेलला साडेनऊ युरो, पेट्रोलला दोन. म्हणजे जास्त फिरणाऱ्याने डिझेल घ्यावं, कमी फिरणाऱ्याने पेट्रोल, हे करातच लिहिलंय. दरवर्षी तो कर भरावा लागतो आणि माणसाला किलोमीटर मोजायला लावतो. महाराष्ट्रातही डिझेल गाडीला रोड टॅक्स दोन टक्के जास्त आहे, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोलला ११ तर डिझेलला १३. पण तो एकदाच भरायचा आणि ‘ऑन रोड’ किमतीत विरघळून जातो. शोरूममधून चावी घेताना पेढा खाल्ला की विसरला. मग राहतं फक्त ॲव्हरेज, ज्यावर ओट्यावर भांडता येतं.

मी भाच्याला म्हटलं, गाडी महिनाभराने घे. तोवर कॅलेंडरवर रोजचे किलोमीटर लिही, जे खरोखर तू स्वतःच्या गाडीने जाशील तेवढेच. तो म्हणाला, “मामा, ऐंशी गुणिले पंचवीस, त्यात लिहायचं काय?” तरी लिही म्हटलं. दाजींना हा जर्मन चेंगटपणा वाटला.

मी परत आल्यावर डिसेंबरात व्हॉट्सॲपवर कॅलेंडरच्या पानाचा फोटो आला. बऱ्याच चौकटी रिकाम्या. खाली बारीक अक्षरात खुलासा होता की कंपनीतले अजून दोघे अमळनेरचेच आहेत, एकाकडे गाडी आहे, दुसरा घेतोय, आणि तिघांनी पाळी लावायचं ठरवलंय. भाच्याच्या वाट्याला महिन्यातले आठ दिवस. गावातलं, बाजाराचं, शेतावरचं धरून बेरीज ८७०. वर्षाला साडेदहा हजार. पावणेदोन रुपयांनी गुणलं तर अठरा हजारांच्या जरा वर, आणि एक लाख तीस हजार फिटायला सात वर्षं, व्याज न धरता.

मी फॅमिली ग्रुपवर एवढंच टाकलं, “मग पेट्रोल.” गुरुजी ग्रुपवर नाहीत, नाहीतर फटाके फोडले असते. ताईने अंगठा दाखवला. दाजींची निळी टिक आली, बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं, मग व्हॉइस मेसेज पडला.

“आन् सासरवाडीले जावानं कोन मोजी?”