तांजिदोर कुठे गेलं?
मालिकेच्या या भागात गंबांग क्रोमोंग या वाद्यवृंदाला ‘जकार्ताचं चिनी संगीत’ म्हणून लेखक मोकळे झाले, ते काही पटलं नाही. करवंटीचं, दोन तारांचं तेह्यान चिनी वळणाचं, कबूल. पण शेजारी लाकडी पट्ट्यांचा गंबांग, पालथ्या घातलेल्या काशाच्या दहा भांड्यांचं क्रोमोंग, सुंदानी (पश्चिम जावाच्या) धाटणीचे ढोल, आणि अलीकडच्या गाण्यांत तर चक्क सॅक्सोफोन! शिवाय लेखात बेतावींच्या, म्हणजे जकार्ताच्या मूळ रहिवाशांच्या, तांजिदोर या फुंकवाद्यांच्या बँडचा उल्लेखच नाही? बटाव्हियाभोवतीच्या (डच काळातल्या जकार्ताभोवतीच्या) जमीनदारांनी गुलामांकडून युरोपीय वाद्यं वाजवून घेतली. १८६० मध्ये कायद्याने गुलामगिरी संपली, बँड मात्र गावोगावी टिकले. मग त्याच क्लॅरिनेट-ट्रॉम्बोनवर लग्नांत मार्चच्या जोडीला सुंदानी गाणी वाजू लागली. सूर जरा इकडेतिकडे होतात (गामेलान या तिथल्या पारंपरिक वाद्यवृंदाची स्वरपट्टी वेगळी ना!), पण ऐकायला झकास. पुढच्या भागात तांजिदोर घ्याच.