‘तीन साधने बरी की एक?’ : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

घरच्या संगणकाला विंडोज डिफेंडर हा विंडोजबरोबरच येणारा संरक्षक प्रोग्राम आणि महिन्यातून एकदा स्वतः चालवायचे एखादे तपासणी-साधन एवढे पुरते, हे माझे विधान आपल्याला बेजबाबदार वाटले. डिफेंडर केवळ स्पायवेअर, म्हणजे गुपचूप माहिती टिपणारे प्रोग्राम, ओळखतो, आणि आपल्याकडे एकदम चालू असलेल्या तीन साधनांपैकी तिसऱ्याने त्याच्या नजरेतून सुटलेले २१३ ‘धोके’ दाखवले, असे आपण लिहिले आहे.

पहिला मुद्दा विंडोज ७ पर्यंत खरा होता. २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर पूर्ण अँटिव्हायरस आहे. त्या २१३ धोक्यांची यादी मात्र आपण उघडून पाहावी. ओळीने ‘ट्रॅकिंग कुकी’ असे लिहिलेले असेल, तर त्या ब्राउझरमध्ये साठलेल्या छोट्या नोंदी आहेत. आपण कोणकोणती संकेतस्थळे पाहतो याचा माग जाहिरातदारांना त्यांवरून काढता येतो, हे खरे. पण कुकी हा काही प्रोग्राम नव्हे, ती आपण टंकलेला पासवर्ड टिपून घेत नाही आणि ब्राउझरच्या सेटिंगमधून मिनिटभरात पुसता येते. लाल अक्षरांतला मोठा आकडा सशुल्क आवृत्ती खपवायला मात्र फार उपयोगी पडतो.

दोन साधने कायम पहाऱ्यावर असली की उघडणारी प्रत्येक फाइल दोघेही अडवून तपासतात, आणि संगणक मंदावतो तो त्यामुळेच. शिवाय दुसरे अँटिव्हायरस बसवले की डिफेंडर सहसा आपोआप बाजूला होतो. तेव्हा आपल्याकडे तो खरोखर चालू आहे का, हे ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये तपासावे.

याहून मोठी अडचण विश्वासाची आहे. अशा साधनाला आपण जवळजवळ सगळ्या फाइली आणि बऱ्याचदा ब्राउझरही मोकळा करून देतो. अव्हास्ट या अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपनीने गोळा केलेला वापरकर्त्यांचा ब्राउझिंगचा तपशील जंपशॉट या तिच्याच उपकंपनीमार्फत विकला गेला. २०२० मध्ये जंपशॉट बंद झाली आणि २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून फुकट साधन निवडताना ते किती धोके पकडते याच्या आधी त्याचा कर्ता पैसे कशातून मिळवतो, हे मी पाहतो.

आपला एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. माझे विधान अद्यतने मिळणाऱ्या संगणकापुरतेच खरे आहे, हे मी लिहायला हवे होते. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम मे २०१७ मध्ये पसरला, तेव्हा विंडोजमधली ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारे अद्यतन मार्चमध्येच आलेले होते. ज्यांनी ते बसवले नव्हते, ते सापडले. विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. आपला संगणक त्याच आवृत्तीवर असेल आणि वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठी आपण नोंदणी केलेली नसेल, तर तीन काय, पाच साधनेही ती उणीव भरून काढणार नाहीत.

अद्यतनांची ही स्थिती आधी पाहून घ्यावी, मग कुकी मोजणारे ते तिसरे साधन काढून टाकावे आणि रोजच्या कामासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले साधे खाते उघडावे.