अंगणातला टी.व्ही.

अण्णांचा उजवा गुडघा बदलला, टाके निघाले आणि डॉक्टर म्हणाले, "खाली बसायचा संडास आता कायमचा बंद. आणि लांब चालवू नका, पायऱ्या तर नकोतच." आमच्या घरात या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी होत्या. संडास खाली बसायचा, तो परसात, मागच्या दारापासून बावीस पावलांवर, वाटेत दोन पायऱ्या आणि शेवाळलेली एक फरशी. तेव्हा अण्णांच्या खोलीला लागून आठ बाय सहाची न्हाणी काढायची आणि आत कमोड बसवायचा असं ठरलं. गवंडी म्हणाला, बारा दिवसांचं काम. सोमवारी विटा टाकतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "परवानगी लागेल का हो?"

गवंड्यानं विडी काढली, पेटवली नाही, परत खिशात ठेवली. "तीस वर्षं झाली काम करतोय," तो म्हणाला, "हे कुणी इचारलं नव्हतं बघा."

शेजारच्या दादांनीही समजावलं. दादांना दोन मजल्यांची परवानगी आहे आणि घर तीन मजली आहे. तिसऱ्याला ते पत्र्याचं शेड म्हणतात. शेडला स्लॅब आहे. "शनिवारी रात्री भिंती उभ्या करायच्या," ते म्हणाले, "आणि रविवारी रंग मारायचा. रंगवलेलं बांधकाम जुनं दिसतं."

पण माझी गोष्ट वेगळी होती. स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी येण्याआधी मी पुण्यात बँकेच्या गृहकर्ज विभागात होतो. 'मंजूर नकाशा जोडा' हे वाक्य मी बावीस वर्षं लोकांना सुनावलंय. समोरचा माणूस हिरमुसून उठला की मला थोडं बरंही वाटायचं. ती सगळी माणसं कुठंतरी बसून माझी वाट बघत असणार, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आमचं गाव तालुक्याचं. नगरपरिषदेची इमारत दोन मजली. तळमजल्यावर घरपट्टी आणि जन्म-मृत्यू नोंदणी, म्हणजे जे कुणाला चुकत नाही ते. बांधकाम विभाग सगळ्यात वर. लिफ्ट नाही, अडतीस पायऱ्या आहेत. वर गेल्यावर समोर लोकसेवा हक्क कायद्याचा मोठा फलक लावलाय. कुठली सेवा, कुणाकडे, किती दिवसांत, असे तीन रकाने. तिसऱ्या रकान्यापुढं लोखंडी कपाट उभं आहे.

मी निर्धास्त होतो, कारण अण्णांकडे कात्रण होतं. २०२० च्या डिसेंबरात राज्यात मुंबई वगळून बहुतेक ठिकाणी बांधकामाची एकच नियमावली आली, तेव्हा पेपरात ठळक छापून आलं होतं की दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला परवानगीची कटकट नाही, परवानाधारक इंजिनिअरमार्फत नकाशा आणि फी दाखल केली की झालं. तीनशेपर्यंत असेल तर दहा दिवसांत परवानगी. अण्णांनी ते कात्रण गीतेच्या पुस्तकात जपून ठेवलं होतं.

क्लार्कनं ते वाचलं. "जागा किती तुमची?"

"तीन गुंठे."

त्यानं कॅल्क्युलेटर ओढला. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. तीन गुंठे म्हणजे ३०३.५१.

"साडेतीन मीटर जास्त आहे," तो म्हणाला. खरंच वाईट वाटलं असावं त्याला. आमच्या आजोबांनी साडेतीन मीटर कमी घेतले असते, नाहीतर गुंठा तरी गोल आकड्यात ठरवला असता, तर हा लेख इथंच संपला असता.

मग कागदांची यादी आली. मालमत्ता पत्रक, कर भरल्याची पावती, थकबाकी नसल्याचा दाखला, मोजणीचा नकाशा, सहमालकाचं संमतीपत्र आणि जुन्या घराचा मंजूर नकाशा. हा शेवटचा कागद ऐकून अण्णा पलंगावर पडल्या पडल्या हसले. आमचं घर १९५८ सालचं. आजोबांनी काठीनं जमिनीवर रेघा ओढल्या आणि आजीनं त्यातली स्वयंपाकघराची रेघ पायानं पुसून दोन हात पुढं सरकवली. तोच मंजूर नकाशा.

मोजणीचे तेव्हा प्रकार असत: साधी, तातडीची, अतितातडीची. साधीला सहा महिने, तातडीला तीन. अतितातडी म्हणजे दोन महिने. डॉक्टरांनी अण्णांना 'अतितातडीनं' आत घेतलं होतं तेव्हा किती घाबरलो होतो आम्ही, उगीचच. जास्तीचे पैसे भरून अतितातडी घेतली. मोजणीवाले आले, यंत्र लावलं, खुणा केल्या. निघालं असं की दादांच्या घराचा एक कोपरा आमच्यात साडेचार चौरस मीटर आहे. म्हणजे जागेवर आम्ही २९९, आणि कागदावर ३०३. मी पळत वर गेलो. म्हटलं, आता बसलो की आम्ही दहा दिवसांत! क्लार्क म्हणाला, "आता तर अतिक्रमणाचा वाद आला. आता साहेबच बघतील." साहेब कुठं आहेत? "भायेर गेल्यात." मीटिंगला, साइटला, जिल्ह्याला, रजेवर, या सगळ्याला मिळून आमच्याकडे भायेर हा एकच शब्द आहे.

शेवग्याच्या झाडाचं थोडक्यात सांगतो. ते न्हाणीच्या जागेत येत होतं. १९७५ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, म्हणून वेगळा अर्ज दिला. उत्तर यायच्या आत वळवाच्या पावसात शेवगा आपणहून पडला, त्या झाडाची ख्यातीच तशी. अर्ज मागे घ्यायला गेलो तर मागे घेण्याचा नमुना नव्हता. पुढं चार महिन्यांनी तोडायची परवानगी आली. जपून ठेवलीय.

खरा विषय आत्याचा. मालमत्ता पत्रकावर अण्णांच्या जोडीला आत्याचं नाव आहे. आत्या एक्याऐंशीची, राहते सांगलीला. "न्हाणी काढ की, मी कशाला नको म्हणू?" फोनवर म्हणाली. "पण अंगणातलं वृंदावन हलवशील तर खबरदार. माझ्या लग्नात त्याला पहिली हळद लागलीय. आणि तोंडी नको. कागदावर लिही." म्हणून शंभराच्या स्टॅम्पवर वकिलांनी लिहिलं की अंगणातील तुळशीवृंदावन यत्किंचितही न हलविण्याच्या अटीवर संमती देत आहे. नोटरी झाली. आत्यानं चष्मा पुसून तीनदा वाचलं आणि सही केली.

आमचा इंजिनिअर पोरगेला पण हुशार. त्यानं नकाशा केला. नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं. अण्णांनी परसातल्या संडासावरचे पिवळे पट्टे बघून "गेला बिचारा" म्हटलं. वृंदावन दाखवणं भाग होतं, संमतीपत्रात उल्लेख होता ना. एकास शंभर प्रमाणात दोन फुटांचं वृंदावन सहा मिलिमीटरचं होतं. त्या चौकटीत 'तुळशीवृंदावन' मावेना. त्यानं लिहिलं, टी.व्ही.

सगळं ऑनलाइन भरलं. ऑनलाइन भरल्यावर त्याच्या तीन प्रती काढून वर नेऊन द्यायच्या असतात. शिवाय मालकानं समोर सही करायची. अण्णांना पहिल्यांदा खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेलं. आवक-जावकवाल्यानं आदरानं उठून पेन दिलं, सही घेतली आणि म्हणाला, "इथं नाही, पलीकडच्या पानावर." ते पान घरी राहिलं होतं.

कायद्याचं मला ठाऊक होतं. नगररचनेचा १९६६ चा अधिनियम, कलम ४५. साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर, नकाशा नियमात असेल तर, परवानगी मिळाली असं मानायचं. मी कॅलेंडरवर फुल्या मारत होतो. सत्तावन्नावा दिवस गेला. अठ्ठावन्नाव्या दिवशी पत्र आलं. त्रुटीपत्र. आईनं त्याला 'त्रुटीची चिठ्ठी' म्हणायला सुरुवात केली, शाळेतून आल्यासारखं. त्यात चौथा मुद्दा होता: 'पुढील सामासिक अंतरात दर्शविलेला टी.व्ही. कोणत्या प्रयोजनार्थ आहे, याचा खुलासा करावा.' सामासिक अंतर म्हणजे घर आणि हद्द यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा, आमच्या भाषेत अंगण.

मी खुलासा केला. 'सदर टी.व्ही. म्हणजे तुळशीवृंदावन होय.' अर्जावर पाच रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावलं.

दुसरं पत्र आलं. 'तुळशीवृंदावन हे बांधकाम असल्यास त्याची परवानगी सादर करावी. नसल्यास नकाशातून वगळावे.'

वगळलं तर संमतीपत्राशी विसंगत. ठेवलं तर बेकायदा. आत्याला विचारायची सोय नाही, तिनं संमतीच काढून घेतली असती. इंजिनिअर म्हणाला, "सर, आपण ते ओपन टेरेस दाखवू का?" मी त्याला घरी जायला सांगितलं.

लोक विचारतात, कुणी पैसे मागितले का? नाही. तेच तर दुःख. मागितले असते तर कोण अडवतंय ते तरी कळलं असतं. तिथं कुणीच अडवत नव्हतं. क्लार्क म्हणायचा, माझं झालंय. शिपाई म्हणायचा, फाइल वरच आहे. साहेब भेटलेच तर म्हणायचे, "होईल की." या 'की'वर आमचा सगळा तालुका चालतो. त्यात नकार नाही, होकार नाही, तारीख तर नाहीच. एखादा खडसून नाही म्हणाला असता तर मी अपील केलं असतं. 'होईल की'वर अपील कुठं करणार?

यात एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटत होती. दर पत्राला मालकाची सही. दुसऱ्या वेळी अण्णा वॉकर घेऊन चढले, दर चार पायऱ्यांनी थांबत. तिसऱ्या वेळी काठी. चौथ्या वेळी मी पार्किंगला जागा शोधत होतो तोवर ते वर पोचलेही होते, आणि आवक-जावकवाल्याच्या शेजारी बसून त्याच्या आईच्या गुडघ्यावर सल्ला देत होते. फिजिओथेरपीवाला आठवड्याला तीनशे रुपये घेऊन जे करू शकला नाही ते त्रुटीपत्रांनी केलं. इकडे घरात मेडिकलमधून आणलेली कमोडची खुर्ची होती. तिच्यावर आई कधी कधी पापड वाळत घालायची.

शेवटी कनिष्ठ अभियंता स्थळपाहणीला आले. पंचविशीचे, घामाघूम. अंगणात वृंदावन दिसताच त्यांनी बूट काढले. मग टेप काढला. वृंदावनाच्या चारी बाजू मोजायच्या म्हणजे त्याच्याभोवती फिरणं आलं. एक प्रदक्षिणा झाली. आकडा जुळेना म्हणून दुसरी झाली. आईनं दारातून पाहिलं आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊनच बाहेर आली. कपाळाला कुंकू लागलेले अभियंते ओसरीवर बसले, सरबत प्यायले आणि बराच वेळ वृंदावनाकडे बघत राहिले.

"सर," ते हळूच म्हणाले, "यात माती आहे ना?"

"आहे."

"झाड आहे."

"आहे."

"मग ही कुंडी झाली." त्यांनी लिहून टाकलं. कुंडीला परवानगी लागत नाही.

इतक्या महिन्यांत त्या इमारतीतला हा पहिला माणूस, ज्यानं स्वतःच्या डोक्यानं एक वाक्य लिहिलं. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. आत्याला मात्र यातलं काही कळता कामा नये. साठ वर्षं जिची पूजा केली ती कुंडी आहे, हे या वयात सहन होणार नाही.

दिवाळीनंतर दाखला आला. अण्णांचं ऑपरेशन जानेवारीतलं. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मुदत एक वर्ष, नकाशावर गोल शिक्का, आणि मागं अटी. त्यातली एक खास आमच्यासाठी लिहिलेली: 'अंगणातील टी.व्ही. (कुंडी) मध्ये पूर्वपरवानगीशिवाय वाढ करू नये.' १९५८ पासूनच्या आमच्या त्या घरात सरकारदरबारी नाव-गावानिशी नोंद असलेली ही एकच वस्तू आहे.

गवंड्याला फोन केला. तो दादांकडे होता, चौथ्या मजल्यावर. पत्र्याचं शेड. पंधरा दिवसांनी आला आणि दोन दिवसांत गुडघाभर जोतं वर आणून थांबला, कारण अटींमध्ये लिहिलंय की जोत्यापर्यंत काम आलं की कळवायचं, तपासणी होऊन दाखला मिळाल्याशिवाय पुढं जायचं नाही. आठ बाय सहाच्या जोत्याला माणूस येणार, मोजणार, लिहिणार. मी अर्ज लिहायला बसलो आणि डोकं धरलं.

अण्णांनी तोवर सदरा घातला होता. आवक-जावकवाल्याच्या आईसाठी तेलाची बाटली पिशवीत टाकली होती.

"तिकीट लावलंस का पाच रुपयांचं?" त्यांनी फाटकातून हाक मारली. काठी ओसरीवरच होती.