शाळेसमोरचा उंचवटा काढायला लावू नका

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. शाळेसमोरच्या मुख्य रस्त्यावर नगरपालिकेने पदपथाच्या उंचीचा पादचारी मार्ग बांधला आहे, दुभाजकात थांबण्यापुरती जागा सोडली आहे आणि कोपऱ्यावरचा पदपथ थोडा पुढे आणला आहे. फोटोखाली लिहिले होते, 'रस्ता अरुंद करून ठेवला, सर्वांनी मिळून निवेदन देऊ या.' दुपारपर्यंत त्यावर सतरा अंगठे जमले. त्या सतरांतले निम्मे लोक तीन वर्षांपूर्वी आमच्या अप्पांना भेटायला रुग्णालयात आले होते, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

अप्पा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मंडईतून परतताना त्यांनी नियमाप्रमाणे झेब्रा पट्ट्यांवरूनच हा रस्ता ओलांडायला घेतला, पण त्या पट्ट्या थेट दुभाजकाच्या लोखंडी कठड्याला जाऊन भिडत होत्या. कठड्यातली फट गाठायला भर रस्त्यातून दहा पावले चालावे लागे. त्या दहा पावलांत एका दुचाकीने त्यांना उडवले. मी धावत पोहोचले तेव्हा त्यांची एक चप्पल पायात होती, दुसरी पलीकडच्या गटाराशी पडली होती, मेथीच्या जुडीवरून बसचे चाक गेले होते आणि अप्पा आडवे पडून विचारत होते, 'त्या पोराला लागले नाही ना?' खुब्याचे हाड मोडले होते.

तो मुलगा कॉलेजात शिकणारा होता. पुढचे आठ दिवस तो रोज रुग्णालयात येऊन बाकावर खाली मान घालून बसायचा. तो वेगात होता, हे खरे आहे. पण सरळ, रुंद, मोकळा रस्ता समोर असेल तर विशीतला मुलगा वेगात जाणारच, आणि कोपऱ्यावर उभ्या केलेल्या टेंपोमुळे त्याला अप्पा दिसलेच नाहीत. त्याच्यावरचा माझा राग केव्हाच गेला. ज्यांनी कठड्यासमोर पट्ट्या रंगवल्या, त्यांच्यावरचा अजून गेलेला नाही. आम्ही दिलेल्या अर्जावर 'पाहणी करण्यात येईल' एवढे उत्तर यायला सात महिने लागले.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आले. रस्त्याच्या सदोष आराखड्यामुळे किंवा देखभालीमुळे कोणाचा जीव गेला अथवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चालण्याजोगा पदपथ हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. आणि आपण सुशिक्षित माणसे निवेदन कशासाठी देणार, तर तो हक्क उखडून टाका म्हणून! लाज वाटायला हवी आपल्याला.

पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद केले तेव्हाही वाहतूक अडेल म्हणून ओरड झाली होती. आज त्याच पदपथावर म्हातारी माणसे बाकांवर बसतात आणि मुले खेळतात. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो. एका दिवसापुरता असला तरी तो होतो. आपल्याला तेवढेही सोसत नाही का?

गतिरोधकांनी कंबर मोडते, हे मला मान्य आहे, कारण आपल्याकडे रातोरात डांबराचा ढीग ओतून त्याला गतिरोधक म्हणतात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाचा गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून गाडी सावकाश चढते आणि उतरते. शाळेसमोरचा उंचवटा तर वरून सपाट आहे, मी स्वतः आज त्यावरून चालत गेले. रुग्णवाहिका अडेल अशी शंका एका काकांनी घेतली आहे. तिला वेग कमी करावा लागेल, तेवढे खरे. पण अप्पांना नेणारी रुग्णवाहिका त्या दिवशी कशात अडकली होती, तर दुतर्फा लावलेल्या आपल्याच गाड्यांत.

नगरपालिकेचे काम अजून अर्धवट आहे, हेही लिहिते. फलक लागलेला नाही, दिव्याचा खांब झाडाच्या फांदीत झाकला आहे आणि नव्या पदपथावर आजच चार दुचाकी चढल्या आहेत. निवेदन द्यायचेच असेल तर याचे द्या, पहिली सही माझी असेल.

त्या दिवसापासून अप्पांनी तो रस्ता एकट्याने ओलांडलेला नाही. भाजी दारावर येते, मंडईतले त्यांचे मित्र फोनवर भेटतात. संध्याकाळी मी त्यांना तोच फोटो दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, 'पायरी किती उंच आहे?' मी म्हणाले, पायरी नाहीच, पदपथावरून थेट सपाट जाता येते. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारले. सोमवारी सकाळी साडेसातला, शाळा भरायच्या आत, आम्ही दोघे तिथे जाणार आहोत.