तासिकेवर शिकवणाऱ्यांनी नोकरी केव्हा सोडावी: काही हितोपदेश

गेल्या पंधरवड्यात आमच्या संस्थेच्या कार्यक्रमात दरमहा निवृत्तिवेतन घेणाऱ्या एका माजी प्राचार्यांनी चिकाटीचे महत्त्व तासभर समजावून सांगितले, आणि त्याच दुपारी कार्यालयात मागच्या सत्राच्या मानधनाची चौकशी केली असता, "परवडत नसेल तर सोडा, जूनमध्ये मुलाखतीला रांग लागते," असे उत्तर मिळाले. टिकावे की सोडावे, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच इमारतीत उपलब्ध असल्यामुळे, तासिका तत्त्वावरील, म्हणजे महाविद्यालयात घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणाऱ्या, माझ्या बंधुभगिनींसाठी त्यांचा मेळ घालून देणे मला कर्तव्य वाटते.

सर्वप्रथम, जागा केव्हा भरणार हे कोणालाही विचारू नये. राज्याने २०१८ मध्ये ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या भरतीस मान्यता दिली तेव्हा आपण पेढे वाटले असतील, तर २०२१ मध्ये त्यांतल्याच उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा मान्यता मिळाली तेव्हा ते पुन्हा वाटायला हवे होते, कारण एकाच जागेचा आनंद दोनदा घेण्याची सोय अन्य कोणत्या पेशात आहे? मधल्या काळात बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे हे ठरवणारी यादी, तपासली जाते, ती तपासून झाली की आचारसंहिता लागते, आणि आचारसंहिता उठेपर्यंत कार्यभार बदललेला असल्याने बिंदुनामावली पुन्हा तपासायला जाते. नेमक्या अशाच वेळी कोणीतरी खात्रीने सांगतो की, या दिवाळीनंतर जाहिरात नक्की आहे. त्यावर विश्वास ठेवावा.

पात्रता वाढवत राहावी. विद्यापीठ विभागांतील भरतीसाठी पीएच.डी. अनिवार्य होणार म्हणून ज्यांनी उमेदीची वर्षे आणि घरची पुंजी प्रबंधात घातली, त्यांना २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नेट-सेट ही पात्रता परीक्षाच पुरेशी असल्याचे कळवले, हे ज्ञानासाठी ज्ञान या तत्त्वाला धरूनच झाले.

लग्नाच्या बैठकीत 'प्राध्यापक' एवढेच सांगून थांबावे.

आता मुख्य प्रश्न सोडण्याचा. सत्राच्या मध्येच सोडू नये, कारण मुलांचे नुकसान होते. परीक्षेच्या तोंडावर सोडू नये, कारण पर्यवेक्षणाला माणसे कमी असतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असेल तर सोडण्याचा विचारही मनात आणू नये, कारण सातही निकषांच्या फायली आपल्याच हस्ताक्षरात आहेत, आणि त्या कामाचा तास कोणत्याही देयकात धरला जात नसल्याने ती शुद्ध सेवा ठरते. राहता राहिला उन्हाळा. परंतु तेव्हा आपली नेमणूकच संपलेली असते, त्यामुळे राजीनामा कशाचा द्यायचा, असा तांत्रिक पेच उभा राहतो. जूनमध्ये पुन्हा तीच मुलाखत, तोच अर्ज, त्याच छायाप्रती, आणि समोर बसलेले तेच विभागप्रमुख, जे वर्षभर आपल्याकडून प्रश्नपत्रिका काढून घेतात आणि त्या दिवशी मात्र आपल्याला विचारतात की, शिकवण्याचा अनुभव किती? ज्या नोकरीतून माणसाला दरवर्षी आपोआप काढले जाते, ती त्याने स्वतःहून सोडायची कशी, हे त्या चिकाटीच्या व्याख्यानात आले नाही. मध्यंतरी तीच मंडळी खासगीत 'संस्थेला हातभार' किती लावता येईल याचा अंदाज घेतात. तो आकडा ऐकून ज्याच्या बापाला शेत विकावेसे वाटते, त्या मुलाला तुम्ही कोणत्या तोंडाने चिकाटी शिकवता?

मानधनाविषयी अधिक बोलू नये. तासिका ४८ मिनिटांची आणि हिशेब ६० मिनिटांच्या तासाचा, त्यामुळे पाच तासिका घेतल्या की चार तास भरतात. गणिताच्या प्राध्यापकांनी यात रस घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी एका व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर ठरवला होता, ही माहिती कार्यालयात मोठ्याने सांगू नये.

उपदेश पुरे झाला. ज्याला सोडायचे की टिकायचे हे ठरवायचे आहे, त्याला निदान दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: जागा निघणार आहे की नाही, आणि निघाली तर ती कोणाला मिळणार हे आधीच ठरले आहे की नाही. संस्थाचालकांनो आणि प्राचार्यांनो, या दोन्ही गोष्टी तुम्हाला माहीत असतात आणि तुम्ही त्या सांगत नाही, कारण सांगितल्या तर पुढच्या जूनमध्ये एवढ्या पैशांत शिकवायला कोणी उभे राहणार नाही. तिशीतल्या माणसाला खरे सांगितले असते तर त्याने दुसरी वाट धरली असती. चाळिशीपर्यंत त्याला आशेवर ठेवून मग 'परवडत नसेल तर सोडा' म्हणता, याची लाज वाटायला हवी. आणि कायम सेवेतल्या सहकाऱ्यांनो, वेतन आयोगाची थकबाकी मिळावी म्हणून तुम्ही परीक्षांच्या कामावर बहिष्कार घालू शकता, पण शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाचे मानधन मार्चपासून अडकले आहे म्हणून प्राचार्यांच्या दालनात दोन मिनिटे उभे राहणे तुम्हाला आजवर जमलेले नाही. भाषणे बंद करा, आधी ते देयक मंजूर करून घ्या, आणि अनुभवाचा दाखला मागणाऱ्याला चकरा मारायला न लावता त्याच दिवशी सही करून द्या.